गर्भनिरोधक गोळ्यांचं परीक्षण: पाकिटामागच्या दोन ओळी आणि रक्ताची गुठळी

गर्भनिरोधक गोळ्यांची पाकिटं एकाशेजारी एक मांडली तर वरवर फरक दिसतो तो नावाचा आणि रंगाचा. मुख्य काम सगळ्याच चोख करतात. न चुकता घेतल्या तर वर्षभरात शंभरात एखादीलाही दिवस जात नाहीत. त्यामुळे गुणकारीपणावरून पाकीट निवडण्यात फारसा अर्थ नाही. निवडायचं ते मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेल्या दोन ओळींवरून: इस्ट्रोजेन कोणतं आणि किती, आणि त्याच्या जोडीला प्रोजेस्टिन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखं वागणारं कृत्रिम संप्रेरक, कोणतं. पायाच्या खोल शिरेत किंवा फुप्फुसात गुठळी होण्याचा धोका बराचसा या दोन ओळींवर ठरतो, आणि नेमक्या त्याच कुणी वाचत नाही.

आधी एक वाटणी करून घेऊ. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन दोन्ही असलेली ती संयुक्त गोळी. फक्त प्रोजेस्टिन असलेली ती मिनी-पिल. गुठळीचा आरोप आहे तो संयुक्त गोळीवर. मिनी-पिलकडे शेवटी येऊच.

यकृतात काय होतं

रक्त गोठवणारे बहुतेक घटक यकृत तयार करतं, आणि गोठणं आवरणारे घटकही. संयुक्त गोळीतलं इस्ट्रोजेन बहुतेक वेळा इथिनिल-इस्ट्राडिऑल असतं. शरीरातल्या नैसर्गिक इस्ट्राडिऑलला रसायनशास्त्रज्ञांनी एक इथिनिलची शेपटी जोडली, म्हणजे यकृताला ते झटपट मोडता येऊ नये आणि गोळी तोंडाने घेता यावी. सोय झाली, पण किंमत तिथेच मोजावी लागते. न मोडलेलं इस्ट्रोजेन यकृताला पुन्हा पुन्हा ढोसत राहतं. फायब्रिनोजेन, प्रोथ्रॉम्बिन, सातव्या, आठव्या आणि दहाव्या क्रमांकाचे घटक वाढतात. उलट अँटीथ्रॉम्बिन आणि प्रोटीन एस हे आवर घालणारे घटक कमी होतात. सक्रिय प्रोटीन सी नावाचा जो ब्रेक पाचव्या आणि आठव्या घटकाला थांबवतो, त्याला रक्त पूर्वीइतकं जुमानत नाही. यातला एकेक बदल किरकोळ आहे, पण सगळे एकाच दिशेला झुकलेले असतात.

या शेपटीमुळेच त्वचेवर लावायची पट्टी किंवा योनीत ठेवायची रिंग वापरून सुटका होत नाही. पोटातून न जाता रक्तात गेलेलं इथिनिल-इस्ट्राडिऑलही अखेर यकृतातून फिरतंच आणि तसाच परिणाम करतं. 'गोळी नको, पॅच सुरक्षित' हा समज म्हणून टिकत नाही.

पहिली ओळ: इस्ट्रोजेन किती

१९६० मध्ये अमेरिकेत गर्भनिरोधक म्हणून मंजूर झालेल्या एनोव्हिड या पहिल्या गोळीत १५० मायक्रोग्रॅम मेस्ट्रॅनॉल होतं. मेस्ट्रॅनॉलचं शरीरात इथिनिल-इस्ट्राडिऑलच होतं. १९६१ मध्येच ब्रिटनमध्ये ही गोळी घेणाऱ्या एका परिचारिकेच्या फुप्फुसात गुठळी झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. १९६९ च्या अखेरीला तिथल्या औषध-सुरक्षा समितीने ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त इस्ट्रोजेनच्या गोळ्या टाळा असं डॉक्टरांना कळवलं. आज बाजारात दिसतात त्या गोळ्या ३५, ३० किंवा २० मायक्रोग्रॅमच्या.

पाकिटावरचा 'लो-डोस' हा शब्द त्या जुन्या ५०च्या तुलनेत आहे. ३० आणि ३५ वाल्याही लो-डोसच म्हणवतात. ५० वरून ३० वर येताना धोका स्पष्ट उतरला. ३० वरून २० वर येताना मिळणारा फायदा त्यामानाने लहान आहे, आणि त्याबदल्यात मधूनच डाग पडणं वाढतं. डाग पडायला लागले की गोळी सोडून देणाऱ्या पुष्कळ. म्हणजे २० चा आकडा बघून लगेच खूश होण्याचं कारण नाही. दुसरी ओळ वाचल्याशिवाय पहिलीचा अर्थ लागत नाही.

दुसरी ओळ: जोडीला कोण

युरोपियन औषध संस्थेने २०१३-१४ मध्ये सगळ्या संयुक्त गोळ्यांचा एकत्र फेरआढावा घेतला. त्यातले आकडे समजायला सोपे आहेत. संयुक्त गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या १०,००० स्त्रियांमध्ये वर्षभरात सुमारे २ जणींना शिरेत गुठळी होते. लेव्होनॉर्जेस्ट्रेल, नॉरएथिस्टेरॉन किंवा नॉरजेस्टिमेट असलेली गोळी घेणाऱ्यांत ५ ते ७. पट्टी आणि रिंग वापरणाऱ्यांत ६ ते १२. ड्रोस्पिरेनॉन, डेसोजेस्ट्रेल किंवा जेस्टोडीन असलेली गोळी घेणाऱ्यांत ९ ते १२. गुठळी झालेल्यांपैकी साधारण १ ते २ टक्के दगावतात.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावेत. सगळ्यात जास्त धोक्याच्या गटातही १०,००० पैकी ९,९८८ जणींना वर्षभरात काहीही होत नाही. पण एकच काम तितक्याच चोखपणे करणाऱ्या दोन गोळ्यांपैकी एकीत धोका जवळपास दुप्पट असेल, तर पहिल्यांदा सुरुवात करताना ती का घ्यावी याला काही कारण हवं. नुसतं 'नवीन आहे' हे कारण होत नाही.

यातली गंमत अशी की नव्या प्रोजेस्टिनचा जो गुण म्हणून विकला जातो, तोच इथे दोष ठरतो. लेव्होनॉर्जेस्ट्रेल जुनं, किंचित पुरुषी संप्रेरकासारखं वागणारं. त्याने काहींना मुरुमं येतात, त्वचा तेलकट होते. पण त्याच गुणाने ते यकृतावरच्या इस्ट्रोजेनच्या परिणामाला थोडा लगाम घालतं. डेसोजेस्ट्रेल, जेस्टोडीन, ड्रोस्पिरेनॉन यांतून तो पुरुषी अंश काढून टाकला किंवा कमी केला. चेहरा स्वच्छ राहिला, लगाम मात्र सैल पडला. म्हणूनच २० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन आणि डेसोजेस्ट्रेल अशी गोळी ३० मायक्रोग्रॅम आणि लेव्होनॉर्जेस्ट्रेल या जुन्या जोडीपेक्षा गुठळीच्या बाबतीत सौम्य ठरत नाही.

आमचा कौल: पहिल्यांदाच संयुक्त गोळी सुरू करणाऱ्या निरोगी तरुणीसाठी ३० मायक्रोग्रॅम इथिनिल-इस्ट्राडिऑल आणि १५० मायक्रोग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल. पाकीट साधं, जाहिरात नाही, आणि बहुतेकींना पुरतं.

सायप्रोटेरॉन अ‍ॅसिटेट २ मिलिग्रॅम आणि इथिनिल-इस्ट्राडिऑल ३५ मायक्रोग्रॅम या जोडीबद्दल वेगळं सांगायला हवं. ही गोळी मुरुमं आणि चेहऱ्यावरच्या केसांसाठी दिली जाते. गुठळीचा धोका लेव्होनॉर्जेस्ट्रेलच्या गोळीपेक्षा दीड ते दोन पट. २०१३ मध्ये फ्रान्सने या गोळीची विक्री थांबवली होती. मग युरोपियन संस्थेने तपासून ती ठेवली, पण मर्यादा घालून: मुरुमं मध्यम ते तीव्र असतील आणि लावायच्या औषधांनी किंवा अँटिबायोटिकने फरक पडला नसेल तरच. अडचण वेगळ्याच जागी होते. त्वचेच्या डॉक्टरांनी ही दिलेली असते, तिला 'पिंपलची गोळी' म्हणतात, आणि गर्भनिरोधासाठी दुसरी संयुक्त गोळी त्याच वेळी चालू असते. म्हणजे इस्ट्रोजेन दुप्पट. ही गोळी स्वतःच गर्भनिरोधक आहे, तिच्यासोबत दुसरी कधीही घ्यायची नाही.

नव्या पिढीत इथिनिलची शेपटीच वगळलेल्या गोळ्या आहेत: इस्ट्राडिऑल व्हॅलरेट आणि डिएनोजेस्ट, इस्ट्राडिऑल आणि नोमेजेस्ट्रॉल, आणि २०२१ पासून एस्टेट्रॉल आणि ड्रोस्पिरेनॉन. यांच्या पाकिटावर इस्ट्रोजेन मायक्रोग्रॅमऐवजी मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. ते बघून दचकू नये, ही इस्ट्रोजेनं यकृतावर कमी जोर करतात. रक्त गोठण्याच्या तपासण्यांत यांचा परिणाम सौम्य दिसतो. इस्ट्राडिऑल-नोमेजेस्ट्रॉलचा धोका लेव्होनॉर्जेस्ट्रेलच्या गोळ्यांपेक्षा जास्त आढळलेला नाही. तरी 'कुणी घेऊ नये' ही यादी यांनाही तीच लागू आहे.

पहिले तीन महिने, आणि 'विश्रांती'चा घोटाळा

धोका वर्षानुवर्षं साठत जातो असं बऱ्याच जणींना वाटतं. प्रत्यक्षात तो पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त असतो, त्यातही पहिल्या ३ महिन्यांत. नंतर तो उतरून एका पातळीवर स्थिरावतो. न घेणाऱ्यांपेक्षा वर, पण सुरुवातीपेक्षा खाली. याचं एक कारण असं की ज्यांच्या रक्तात गोठण्याकडे जन्मजात कल आहे, त्यांची गुठळी गोळी सुरू झाल्यावर लवकरच उघडी पडते.

यातून निघणारी व्यवहाराची गोष्ट पुष्कळ वेळा उलटी केली जाते. 'सहा महिने घेतली, आता शरीराला विश्रांती म्हणून दोन महिने बंद, मग परत.' चार आठवडे किंवा त्याहून जास्त खंड पडून गोळी पुन्हा सुरू झाली की सुरुवातीचा जास्त धोका पुन्हा सुरू होतो. शिवाय मधल्या दोन महिन्यांत दिवस राहण्याची भीती. विश्रांतीने फायदा एकही नाही. घ्यायची तर सलग, थांबवायची तर थांबवायची. एका संयुक्त गोळीवरून दुसरीवर जातानाही मध्ये रिकामे आठवडे न सोडता, आधीच्या पाकिटातल्या शेवटच्या सक्रिय गोळीच्या दुसऱ्या दिवशी नवीन पाकीट उघडावं.

नेहमीच्या पाकिटात २१ सक्रिय आणि ७ रिकाम्या किंवा लोहाच्या गोळ्या असतात, काहींत २४ आणि ४. पाळीच्या पहिल्या ५ दिवसांत सुरू केली तर लगेच संरक्षण. नंतर सुरू केली तर पहिले ७ दिवस निरोधही वापरायचा. एक गोळी राहिली तर आठवेल तेव्हा घ्यायची, मग त्याच दिवशी दोन झाल्या तरी हरकत नाही. लागोपाठ दोन किंवा जास्त राहिल्या तर शेवटची राहिलेली घ्यायची, बाकीच्या टाकून द्यायच्या आणि ७ दिवस निरोध. हे तिसऱ्या आठवड्यात घडलं तर रिकाम्या गोळ्या वगळून थेट पुढचं पाकीट. चुकलेल्या गोळ्यांनी गुठळी होत नाही, गर्भ राहतो. आणि गर्भ राहिला तर गुठळीचं गणित आणखी वाईट होतं.

कसं ते अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या आकड्यांत दिसतं. वर्षाच्या हिशेबाने १०,००० गरोदर स्त्रियांत ५ ते २० जणींना गुठळी होते आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या १२ आठवड्यांत हे प्रमाण ४० ते ६५ वर जातं. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये डेसोजेस्ट्रेल-जेस्टोडीनच्या गोळ्यांबद्दल तातडीचा इशारा गेला, तेव्हा पुष्कळ जणींनी पाकीट अर्ध्यावर टाकलं. पुढच्या वर्षी तिथे गर्भपात वाढले. म्हणून बातमी वाचून महिन्याच्या मध्यात गोळी सोडू नये. दुसरं साधन हातात आल्यावर बदलावी.

कुणी घेऊ नये

जागतिक आरोग्य संघटनेने गर्भनिरोधकांसाठी १ ते ४ अशा श्रेणी केल्या आहेत. १ म्हणजे बिनधास्त घ्या, ४ म्हणजे घेऊच नका. संयुक्त गोळीसाठी चौथ्या श्रेणीत येतात त्या अशा: आधी कधी शिरेत किंवा फुप्फुसात गुठळी झालेली, रक्त गोठण्याचा जन्मजात दोष माहीत असलेली, ल्युपस (रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) असून रक्त गोठण्याकडे झुकवणारी अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी सापडलेली, रक्तदाब १६०/१०० किंवा वर असलेली, ३५ वर्षांपुढची आणि दिवसाला १५ किंवा जास्त सिगारेटी ओढणारी, आणि प्रकाशरेषांची पूर्वसूचना देणारी अर्धशिशी असलेली.

शेवटचं नीट समजून घ्यायला हवं, कारण 'मला मायग्रेन आहे' एवढ्यावर भागत नाही. डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या वाकड्यातिकड्या रेषा, एका बाजूला काळा डाग पसरत जाणं, हाताला-ओठाला मुंग्या, शब्द न सुचणं, असं काही पाच मिनिटं ते तासभर टिकत असेल तर ती पूर्वसूचना. अशा स्त्रीला संयुक्त गोळीने मेंदूच्या धमनीतल्या गुठळीचा, म्हणजे पक्षाघाताचा धोका वाढतो. उजेड सहन न होणं, मळमळणं ही पूर्वसूचना नव्हे.

बाळंतपणानंतर अंगावर पाजत नसेल तरी पहिले २१ दिवस संयुक्त गोळी नको. अंगावर पाजत असेल तर पहिले ६ आठवडे नकोच, आणि ६ महिन्यांपर्यंत शक्यतो दुसरं साधन. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला गुठळी झालेली असेल तर ही संघटना दुसरी श्रेणी देते, म्हणजे साधारणपणे चालेल. आमच्या मते ती गुठळी चाळिशीच्या आत, कुठलंही कारण नसताना झाली असेल तर संयुक्त गोळी न घेतलेली बरी. लठ्ठपणाही, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३० किंवा वर, दुसऱ्याच श्रेणीत आहे. पण वजन आणि गोळी मिळून धोका नुसत्या बेरजेपेक्षा जास्त वाढवतात. त्यात लांबचा प्रवास किंवा प्लास्टर आलं की तिसरी भर पडते.

पायाला प्लास्टर, गुडघ्याची शस्त्रक्रिया, कुठलंही मोठं ऑपरेशन ज्यानंतर दिवसेंदिवस पडून राहावं लागेल: संयुक्त गोळी ४ आठवडे आधी थांबवायची, मध्ये मिनी-पिल किंवा निरोध, आणि नीट हिंडायला-फिरायला लागल्यावर किमान २ आठवड्यांनी पुन्हा सुरू. अचानक ऑपरेशन करावं लागलं तर चार आठवडे मिळणार नाहीत. तेव्हा भूलतज्ज्ञांना गोळीचं नाव सांगितलं की ते गुठळी टाळण्याचं इंजेक्शन ठरवू शकतात.

तपासण्या: कोणत्या लागतात, कोणत्या फसवतात

सुरू करण्याआधी लागतं ते रक्तदाबाचं यंत्र, वजनकाटा आणि वर दिलेले प्रश्न. बस. कित्येकदा बीटी-सीटी (रक्त थांबायला आणि गोठायला लागणारा वेळ) किंवा प्लेटलेटची मोजणी करून 'नॉर्मल आहे, घ्या' असं म्हटलं जातं. रक्तस्राव नीट थांबतो का हे त्या तपासण्या बघतात. शिरेत गुठळी होईल का, याचा त्यांच्याकडून काहीही अंदाज येत नाही.

जन्मजात दोषांत सगळ्यात गाजलेला फॅक्टर फाइव्ह लायडन. १९९४ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन शहरात सापडला म्हणून हे नाव. त्याच गावच्या संशोधकांनी त्याच वर्षी गणित मांडलं: दोषही नाही आणि गोळीही नाही, तर १०,००० जणींत वर्षाला ०.८ गुठळ्या. फक्त गोळी असेल तर ३. फक्त दोष असेल तर ५.७. दोन्ही असतील तर २८.५. म्हणजे दोघांनी मिळून पस्तीसेक पट. मग सगळ्यांचीच तपासणी का करत नाहीत? कारण दोष असलेल्यांतही बहुतेकींना कधी गुठळी होत नाही, आणि गुठळी होणाऱ्या अनेकींत हा दोष नसतो. घरात कुणाला लहान वयात गुठळी झाली असेल तेव्हाच ती करण्यात अर्थ आहे.

करायचीच तर गोळी सुरू करण्याआधी. गोळी चालू असताना प्रोटीन एस कमीच येतं आणि सक्रिय प्रोटीन सीला रक्त जुमानत नाही असंच दिसतं, मग नसलेला दोष कागदावर येतो. जनुकाची थेट तपासणी तेवढी गोळीने बिघडत नाही.

'रोज छोटी अ‍ॅस्पिरिन घेतली की गोळी सुरक्षित' असाही एक सल्ला फिरतो. शिरेतल्या गुठळीसाठी त्याच्यावर विसंबू नये. दुखण्यावरच्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांचंही थोडं आहे. २०२३ मध्ये डेन्मार्कमधल्या मोठ्या नोंदींत असं दिसलं की जास्त धोक्याच्या हार्मोन गोळ्या घेणाऱ्यांत ही वेदनाशामकं सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात दर लाखात २३ जादा गुठळ्या होतात, हार्मोन न घेणाऱ्यांत ४. आकडा छोटा आहे. पाळीच्या दुखण्याला दोन दिवस घेणारीने घाबरून जाऊ नये, पण महिनोन्‌महिने रोज घेणारीने डॉक्टरांना दोन्ही औषधं सांगावीत.

पाळी पुढे ढकलायची गोळी

परीक्षेसाठी, प्रवासासाठी, समारंभासाठी पाळी लांबवायची म्हणून नॉरएथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, पाळीच्या तीन दिवस आधीपासून. ही गोळी 'फक्त प्रोजेस्टेरॉन आहे, त्यात काय' म्हणून सहज दिली-घेतली जाते. इथे पाकिटामागची ओळ स्वतःच दिशाभूल करते. तिच्यावर इस्ट्रोजेनचं नाव नसतं, पण शरीर नॉरएथिस्टेरॉनचा थोडा भाग इथिनिल-इस्ट्राडिऑलमध्ये बदलतं. दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम घेतल्यावर जे इस्ट्रोजेन तयार होतं ते सुमारे २० ते ३० मायक्रोग्रॅमच्या संयुक्त गोळीइतकं भरतं. म्हणजे जिला संयुक्त गोळी चौथ्या श्रेणीत बंद आहे, ती ओळखीच्या दुकानातून हीच गोष्ट दुसऱ्या नावाने घेऊन येते. वर लगेच बारा-चौदा तासांच्या प्रवासाला निघते.

मिनी-पिलमधलं नॉरएथिस्टेरॉन ३५० मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे पाळी लांबवण्याच्या रोजच्या मात्रेच्या चाळिसाव्या भागाहून थोडं कमी. तिथे हा बदल नगण्य. धोक्याच्या यादीत असलेल्या स्त्रीला पाळी लांबवायचीच असेल तर मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचा पर्याय डॉक्टरांशी बोलून घेता येतो, ते इस्ट्रोजेनमध्ये बदलत नाही. आणि ५ मिलिग्रॅमवाली गोळी अशी आठ-दहा दिवस घेतली म्हणजे गर्भनिरोध झाला असं समजू नये.

जास्त अंगावरून जातं म्हणून ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड दिलं जातं, तेही गुठळी टिकवणारं औषध आहे. संयुक्त गोळी चालू असताना ते आपल्या मनाने घ्यायचं नाही. गुठळीचा इतिहास असेल तर मुळीच नाही.

गुठळी ओळखायची कशी

पोटरीत गोळा येणं आणि शिरेत गुठळी होणं यांत फरक आहे. गोळा रात्री येतो, जीव काढतो आणि काही मिनिटांत जातो. गुठळीचं दुखणं जात नाही. एकाच पायाला, बहुधा डाव्या, कारण पोटात डाव्या पायाच्या शिरेवरून उजव्या पायाची धमनी जाते आणि शीर दाबली जाते. पाय जड वाटतो, उभं राहिलं की वाढतं, त्वचा गरम, कधी लालसर किंवा निळसर. शिंप्याची टेप घ्या. गुडघ्याखाली पुढच्या बाजूला हाडाचा उंचवटा लागतो, त्याच्या १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक डॉक्टर गंभीरपणे घेतात. फरक नसला तरी गुठळी नाहीच असं म्हणता येत नाही. अशी पोटरी चोळू नये.

फुप्फुसात गेलेली गुठळी अचानक धाप, श्वास आत घेताना टोचणारी छाती, धडधड, चक्कर, क्वचित खोकल्यातून रक्त अशी दिसते. तरुण मुलीत तिला 'टेन्शन', 'अ‍ॅसिडिटी', 'स्नायू दुखावला' अशी नावं मिळतात. मेंदूच्या शिरेतली गुठळी दुर्मीळ, पण लक्षात ठेवण्यासारखी: कधी नव्हे अशी डोकेदुखी, दिवसागणिक वाढत जाणारी, आडवं पडल्यावर जास्त, उलट्या, धूसर दिसणं, फिट येणं. यातलं काहीही असेल तर सकाळची वाट न बघता तातडीच्या विभागात जायचं.

तिथे 'कुठली औषधं चालू?' असं विचारलं की बहुतेक जणी 'काही नाही' म्हणतात. गर्भनिरोधक गोळी औषधात मोजलीच जात नाही, सासूसमोर किंवा वडिलांसमोर तर नाहीच. आणि फुप्फुसातली गुठळी तपासणीशिवाय बाद करण्याचे जे आठ प्रश्न तिथे वापरतात, त्यांत एक प्रश्न इस्ट्रोजेनचा आहे. तो 'नाही' म्हणून लिहिला गेला की रुग्ण घरी जाऊ शकते. आजूबाजूला माणसं असतील तर पाकीटच डॉक्टरांच्या हातात द्यावं.

पुढे डी-डायमर, म्हणजे गुठळी विरघळताना रक्तात येणाऱ्या तुकड्यांची तपासणी. शंका कमी असेल आणि तो नॉर्मल असेल तर गुठळी बाद. वाढलेला असेल तर नक्की गुठळी असं नाही, गोळीनेही तो थोडा चढतो. मग पायाची दाब देऊन केलेली सोनोग्राफी किंवा छातीचा सीटी.

गुठळी झाल्यावर, किंवा टाळायची म्हणून

उपचार म्हणजे रक्त पातळ ठेवणारी औषधं, किमान ३ महिने. संयुक्त गोळी मागे पडते. पण गर्भनिरोधही तिच्याबरोबर मागे पडला तर पंचाईत: वॉरफरिन गर्भाला अपाय करतं आणि नवी औषधंही गरोदरपणात चालत नाहीत. शिवाय या औषधांवर पाळी जोरात जाते. त्यामुळे गोळी कधी आणि कशाने बदलायची हे उपचार सुरू करणाऱ्या डॉक्टरांशी त्याच भेटीत ठरवावं.

मिनी-पिलच्या पाकिटावर लेव्होनॉर्जेस्ट्रेल ३०, नॉरएथिस्टेरॉन ३५० किंवा डेसोजेस्ट्रेल ७५ मायक्रोग्रॅम, किंवा ड्रोस्पिरेनॉन ४ मिलिग्रॅम दिसेल. नावं संयुक्त गोळीतलीच आहेत, म्हणून केमिस्टकडे अदलाबदल होते. डेसोजेस्ट्रेल १५० आणि सोबत इथिनिल-इस्ट्राडिऑल ही संयुक्त, नुसतं ७५ ही मिनी-पिल. ड्रोस्पिरेनॉन ३ आणि सोबत इस्ट्रोजेन ही संयुक्त, नुसतं ४ ही मिनी-पिल. मिनी-पिलने शिरेतल्या गुठळीचा धोका वाढल्याचं दिसत नाही. उणीव आहे ती पाळी अनियमित होण्याची, आणि वेळ पाळण्याची: जुन्या मिनी-पिलला तीन तासांच्या वर उशीर चालत नाही, डेसोजेस्ट्रेलला १२ तास चालतो. विसरभोळीने डेसोजेस्ट्रेल घ्यावी.

तांबीत हार्मोन नाही, गुठळीशी तिचा संबंध नाही. पण तिने पाळी जास्त जाते, रक्त पातळ करणारं औषध चालू असताना ते जड जाऊ शकतं. तिथे लेव्होनॉर्जेस्ट्रेलची गर्भाशयात बसवायची वस्तू जास्त सोयीची, रक्तस्राव कमी करते. तीन महिन्यांनी घ्यायच्या मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनच्या इंजेक्शनचं नाव मात्र गुठळीच्या संदर्भात काही पाहण्यांत आलेलं आहे, म्हणून गुठळी होऊन गेलेलीसाठी ती पहिली निवड नको. तातडीची ७२ तासांची लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची गोळी अशा स्त्रीलाही चालते.